वर्गीकरण केलेल्या रास्टर (चौकोनी पिक्सेलांनी बनलेल्या) नकाशातले बारके ठिपके कमांडने कसे घालवायचे? थ्रेशोल्ड किती ठेवू?

कमांड एका ओळीची आहे. जीडाल (GDAL) या नकाशांच्या फाइलींवर काम करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचं सीव्ह, म्हणजे चाळणी, चालवायचं आणि ‘एसटी’ (-st) या पर्यायापुढे पिक्सेलचा आकडा, म्हणजेच थ्रेशोल्ड, द्यायचा. त्याहून लहान पुंजका शेजारच्या सगळ्यात मोठ्या पुंजक्यात मिसळून जातो. खरी गोम त्या आकड्यात आहे, आणि त्यावरून मी एका साहेबांशी दोन वर्षं भांडलोय.

तेव्हा मी एका खाजगी ऑफिसात सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून जालन्याकडचे पीकनकाशे करायचो. वर्गीकरण झालं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला पीक, पाणी, झाडं असा वर्ग दिला, की नकाशा तीळ लावलेल्या भाकरीसारखा दिसायचा. साहेब म्हणाले, एसटी ४० टाका, स्वच्छ दिसला पाहिजे. टाकलं. दिसला.

दिवाळीत गावी गेल्यावर मोठ्या कौतुकानं अण्णांना लॅपटॉपवर आपलं रान दाखवलं. त्यांनी मोसंबीची बाग ओळखली, नाला ओळखला. मग स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाले, “अन् आपलं तळं कुठाय रे?” तळ्याच्या जागी मोसंबी! “तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिक कागदाचे हप्ते फिटले नाहीत अजून, अन् तू तळंच बुजवलंस?”

हिशेब साधा होता, मीच केला नव्हता. १० मीटरचा पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा. ३० बाय ३० चं शेततळं म्हणजे ९ पिक्सेल. काठ पिक्सेलच्या मधोमध आले तर निव्वळ पाण्याचे ४ च. एसटी ४० म्हणजे एकराखालचं सगळं पुसून टाका. मराठवाड्यात!

साहेबांचं उत्तर: “एवढ्या नकाशात तळं कोण मोजतंय?” पुढं त्याच नकाशावरून पाण्याखालचं क्षेत्र काढायची वेळ आली, आणि ते कमी का आलं हे विचारलं मला.

उपाय त्याच कमांडमध्ये होता. पाणी ० आणि बाकी सगळं १ असं वेगळं रास्टर करून ते ‘मास्क’ला द्या, मग चाळणी पाण्याला हात लावत नाही. ‘८’ चा पर्यायही द्या. एरवी ती चारच बाजू धरते, कोपऱ्याला कोपरा लागलेले पिक्सेल जोडलेले मानत नाही, मग नाल्याकाठच्या झाडांची तिरकी रांग सुटे ठिपके समजून गाळली जाते. अर्थात ८ दिलं की खरा कचराही एकमेकांना चिकटून वाचतो, तेवढं सोसावं लागतं.

एनडीव्हीआय (हिरवाई मोजणारा निर्देशांक) सारख्या दशांशातल्या रास्टरवर मात्र हे चालवू नका, वर्गांचे पूर्णांकच लागतात. आणि तुमचा नकाशा स्कॅन केलेला कागदी असेल तर वरचं बहुतेक विसरा, ते दुखणं वेगळं.

आकडा म्हणाल तर तुमचा पिक्सेल केवढा ते तुम्ही लिहिलेलंच नाही. १० मीटरचा असेल तर मी ५ च्या वर जात नाही. साहेब अजूनही ४० च सांगतील.