लिहिलंय खरं, पण वाचणार कोण?

वैयक्तिक ब्लॉग लिहिणाऱ्यांचे बरेच प्रश्न आमच्याकडे आले आहेत. लेखन कसं करावं हे कुणीच विचारलेलं नाही. लिहिलेलं योग्य माणसापर्यंत कसं न्यावं, हीच सगळ्यांची अडचण आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : नव्या लेखाची लिंक मी दर वेळी फेसबुकवर टाकते. तीस-चाळीस लाइक येतात, पण ब्लॉगवर पाच-सहाच जण आलेले दिसतात. असं का?

लाइक मिळतात ते पोस्टला. लिंक न उघडताच लाइक देणारे पुष्कळ असतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. तुमच्या आनंदात सहभागी होऊन ते पुढे गेलेले असतात. दुसरं म्हणजे, माणसाला बाहेर नेणाऱ्या लिंकपेक्षा त्याला आत रमवणारा मजकूर पुढे करण्याकडे या कंपन्यांचा कल असतो. त्यामुळे नुसती लिंक मुळातच कमी लोकांना दिसते.

यावरचा उपाय पोस्टच्या मजकुरात आहे. ‘नवा लेख लिहिलाय, नक्की वाचा’ हे वाचून कुणाचंच बोट थांबत नाही. लेखातला एखादा प्रसंग किंवा मुद्दा शंभर-दीडशे शब्दांत पूर्ण सांगा. लिंक उघडली नाही तरी वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी पडलं पाहिजे. समजा, लेख वडिलांच्या स्मृतिभ्रंशाबद्दल आहे. ‘बाबांच्या आजारपणाविषयी लिहिलंय’ असं लिहिलंत तर लोक सहानुभूतीचा बदाम देतील. त्याऐवजी असं लिहून पाहा : ‘रात्री दोन वाजता बाबा कपाटातले कपडे पिशवीत भरत होते. म्हणाले, घरी जायचंय. ते घरातच होते.’ त्या रात्री वाद न घालता काय केलं आणि ते कसं उपयोगी पडलं, याची दोन वाक्यं घाला आणि मग लिंक द्या. ज्याच्या घरी हेच चाललं आहे तो माणूस लिंक उघडणारच. तोच तुमचा वाचक.

लिंक पोस्टमध्ये न देता पहिल्या कमेंटमध्ये द्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र त्यात एक खोट आहे. कुणी तुमची पोस्ट शेअर केली की ती कमेंट सोबत जात नाही, आणि नव्या वाचकाला ब्लॉगचा पत्ताच सापडत नाही. कमेंटमध्ये लिंक द्यायचीच असेल, तर ब्लॉगचं नाव तरी पोस्टच्या मजकुरात घाला.

प्रश्न : लिंक शेअर केली की चित्र येत नाही, किंवा भलतंच येतं.

लिंकखाली दिसणारं कार्ड ‘ओपन ग्राफ’ नावाच्या टॅगांवरून बनतं. शीर्षक, दोन ओळींचं वर्णन आणि चित्र अशा तीन गोष्टी पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या असतात. ब्लॉगरमध्ये (गूगलच्या ब्लॉग-सेवेत) सहसा लेखातलं पहिलं चित्र उचललं जातं. म्हणून सुरुवातीला नक्षीची पट्टी किंवा लोगो लावला असेल, तर कार्डावर तोच येतो. वर्डप्रेसमध्ये हे टॅग मुळात नसतात, ते जेटपॅक किंवा एसईओच्या (लेख गूगल शोधात वर यावा यासाठीच्या) प्लगिनमधून, म्हणजे वरून बसवायच्या जोडसोयींमधून येतात. त्यासाठी लेखाला ‘फीचर्ड इमेज’ (मुख्य चित्र) लावलेली हवी. असे दोन प्लगिन एकाच वेळी चालू असतील, तर टॅग दोनदा लिहिले जातात आणि चित्राचा घोळ होतो. एकातली ही सोय बंद करा.

चित्राचा आकार 1200 बाय 630 पिक्सेल ठेवा. वजन 300 केबीच्या आत असू द्या, कारण जड चित्र व्हॉट्सॲपवर बरेचदा येतच नाही. चित्र बदलूनही जुनंच दिसत असेल, तर फेसबुकने आधीची प्रत साठवलेली असते. फेसबुकच्या ‘शेअरिंग डीबगर’ पानावर पत्ता टाकून ‘स्क्रेप अगेन’ दाबा. व्हॉट्सॲपवर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडला की तो नवा पत्ता समजला जातो.

व्हॉट्सॲपचं कार्ड पाठवणाऱ्याच्या फोनवरच तयार होतं. लिंक पेस्ट करून लगेच पाठवलीत तर ती उघडीबोडकी जाते. कार्ड दिसेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा.

प्रश्न : मराठी शीर्षकाच्या लेखाचा पत्ता टक्क्यांच्या खुणांनी भरलेला, हातभर लांब होतो. तो लहान कसा करावा?

देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह पत्त्यात नऊ खुणांचं होतं, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. वीस चिन्हांच्या शीर्षकाचा पत्ता 180 खुणांचा होतो. मेसेजमध्ये तो मधेच तुटण्याची भीती असते, आणि अनोळखी माणूस असा पत्ता दाबायला कचरतो. लेख प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकच्या (लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या) चौकटीत रोमन लिपीतले तीन-चार शब्द, मधे आडवी रेघ देऊन, स्वतः लिहा. प्रकाशित झाल्यावर पत्ता बदलू नका. वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून सहसा नव्यावर नेतं, ब्लॉगरमध्ये मात्र ती जोडणी सेटिंगमध्ये जाऊन हाताने करावी लागते. ती केली नाही तर आधी शेअर झालेल्या सगळ्या लिंका मेल्या म्हणून समजा.

प्रश्न : फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, थ्रेड्स, ब्लूस्काय, मॅस्टोडॉन, व्हॉट्सॲप चॅनेल… सगळीकडे असायला हवं का?

नाही. दोन पुरेत. एक जागा ओळखी होण्यासाठी आणि एक नव्या लेखाची खबर देण्यासाठी.

खबर द्यायला व्हॉट्सॲप चॅनेल चांगलं. तुमचा नंबर वाचकांना दिसत नाही, वाचक एकमेकांना दिसत नाहीत. मात्र तिथे गप्पा होत नाहीत. ब्रॉडकास्ट यादी वापरत असाल, तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. ‘मला आलाच नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

ओळखींसाठी जिथे लिहून बोलणारी माणसं आहेत ती जागा निवडा. एक्सवर साध्या खात्याला 280 अक्षरं मिळतात, त्यातली 23 लिंक खाते, आणि ‘की’ तिथे दोन अक्षरं (‘क’ आणि वेलांटी) मोजली जाते. ब्लूस्कायवर मर्यादा 300 ची आहे, पण ‘की’ एकच मोजली जाते, म्हणून मराठीला तिथे जास्त ऐसपैस जागा मिळते. मॅस्टोडॉनवर साधारण 500 अक्षरं असतात आणि पोस्टी वेळेच्या क्रमाने दिसतात. तुम्हाला पुढे करणारं गणित तिथे नाही, म्हणून हॅशटॅग घातल्याशिवाय नवा माणूस तुमच्यापर्यंत पोचणं कठीण. वर्डप्रेसवर ‘ॲक्टिव्हिटीपब’ हे प्लगिन बसवलंत तर मॅस्टोडॉनवरची माणसं थेट तुमच्या ब्लॉगलाच फॉलो करू शकतात, आणि त्यांची उत्तरं ब्लॉगवर कमेंट म्हणून येतात. आमच्या मते वैयक्तिक ब्लॉगसाठी ही सोय फार मोलाची आहे, कारण संवाद तुमच्याच घरी राहतो.

इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही. प्रोफाइलमध्ये पाच लिंका देता येतात, आणि स्टोरीत लिंकचं स्टिकर लावता येतं. स्टोरी चोवीस तासांत जाते, म्हणून महत्त्वाच्या लेखांच्या स्टोऱ्या ‘हायलाइट’मध्ये ठेवा. तुमच्या ब्लॉगवर फोटो नसतील, तर इन्स्टाग्राम सोडून दिलंत तरी चालेल.

प्रश्न : इतर ब्लॉग लिहिणाऱ्यांशी ओळख वाढवायची आहे. पण ‘माझंही वाचा’ म्हणायला संकोच वाटतो.

संकोच योग्यच आहे. म्हणूच नका.

तुमच्या विषयाच्या आसपास लिहिणारे दहा-बारा जण निवडा. त्यांचे ब्लॉग फीड रीडरमध्ये घाला, म्हणजे नवा लेख आपोआप समोर येईल. आठवड्यातून दोन-तीन लेखांवर नीट प्रतिक्रिया लिहा. ‘छान’, ‘मस्त लिहिलंय’ याने ओळख होत नाही. लेखातलं एखादं वाक्य घ्या, ते तुम्हाला का पटलं किंवा का पटलं नाही ते सांगा, किंवा लेखात अर्धवट राहिलेलं काही विचारा. तीन-चार ओळी पुरतात. खाली स्वतःची लिंक चिकटवू नका. तुमच्या नावावर टिचकी मारली की ब्लॉग उघडेल अशी प्रोफाइल मात्र भरून ठेवा. बऱ्याच जणांची प्रोफाइल रिकामी असते, आणि उत्सुक माणूस तिथून परत जातो.

यापुढची पायरी म्हणजे आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा उल्लेख करणं. लिंक द्या, आणि मग त्याला एका ओळीचा निरोप पाठवा : ‘तुमच्या अमुक लेखावरून मला हे सुचलं.’ आपल्या लेखावर कुणीतरी विचार करून लिहिलं, ही लिहिणाऱ्यासाठी मोठी गोष्ट असते. तो ते वाचतोच, आणि पुष्कळदा स्वतःच्या वाचकांनाही दाखवतो.

दोन गोष्टी टाळा. पन्नास जणांना टॅग करणं ही पहिली. लोक टॅग काढतात आणि पुढे तुमच्या पोस्टी बंद करून ठेवतात. दुसरी, ‘ब्लॉगर्स’ नावाचे ग्रुप, जिथे प्रत्येक जण आपली लिंक टाकून निघून जातो. लिहिणाऱ्यांच्या गर्दीत वाचक सापडत नाही. बागकामावर लिहीत असाल तर बागकाम करणाऱ्यांच्या ग्रुपात जा. तिथले नियम वाचा, आधी काही दिवस लोकांच्या शंकांना उत्तरं द्या. एखाद्याचा प्रश्न तुमच्या लेखात सविस्तर सोडवलेला असेल, तेव्हाच लिंक द्या. एकच लिंक दहा ग्रुपांत एका दमात टाकलीत तर फेसबुक ती स्पॅम धरतं आणि तुमच्यावर काही काळ बंदी येऊ शकते.

प्रश्न : माझा ब्लॉग ब्लॉगरवर आहे. वाचक म्हणतात, कमेंट लिहिली पण गायब झाली.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून आलेला माणूस त्या ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये असतो. तिथे गूगलचं लॉगिन चालत नाही. शिवाय काही ब्राउझर बाहेरच्या साइटच्या कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) अडवतात, त्यामुळे लेखाखाली जोडलेली कमेंटची चौकट माणसाला ओळखतच नाही. सेटिंगमध्ये कमेंटची जागा ‘एम्बेडेड’ऐवजी ‘पॉपअप’ किंवा ‘फुल पेज’ करा. कमेंट कोण करू शकेल, तिथे ‘एनीवन’ निवडा आणि मॉडरेशन (तुम्ही तपासून मंजुरी देणं) ‘ऑलवेज’ ठेवा. कचरा येईल, पण तो तुम्हालाच दिसेल. मंजुरी दिवसभरात द्या, चार दिवस अडकलेल्या कमेंटचा माणूस पुन्हा लिहीत नाही.

प्रश्न : माझा लेख व्हॉट्सॲपवर माझ्या नावाशिवाय फिरतोय.

मनस्ताप होतो हे खरं. एकदा फिरू लागलेला मजकूर मागे घेता येत नाही, तयारी आधीच करावी लागते. नाव फक्त शेवटी असेल तर ते सहज कापलं जातं. म्हणून मजकुराच्या पोटात स्वतःची खूण ठेवा : आपल्या ब्लॉगचं नाव येणारं एखादं वाक्य, आधीच्या लेखाचा संदर्भ. प्रकाशनाच्या दिवशीच इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर पान जतन करा, म्हणजे तारखेचा त्रयस्थ पुरावा राहतो. फेसबुकवर कुणी लेख स्वतःच्या नावावर खपवला, तर आधी त्याला सौम्य निरोप पाठवा. ऐकलं नाही तर कॉपीराइट तक्रारीचा अर्ज भरा, त्यात मूळ लेखाची लिंक लागते.

कॉपी करता येऊ नये म्हणून राइट क्लिक बंद करणारा कोड लावू नका. चोर स्क्रीनशॉट काढतोच, आणि एखादं वाक्य उद्धृत करून तुमची लिंक देऊ पाहणारा चांगला वाचक तेवढा अडतो.

प्रश्न : वाचक कुठून आले ते कसं कळेल?

व्हॉट्सॲपवरून आलेले बहुतेक जण ॲनालिटिक्समध्ये (भेटी मोजणाऱ्या सेवेत) ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट आलेले, म्हणून मोजले जातात. गूगलच्या ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’मध्ये प्रत्येक ठिकाणासाठी यूटीएम खूण (वाचक कुठून आला हे सांगणारी पत्त्याला जोडलेली शेपटी) असलेली वेगळी लिंक बनवा. नावं रोमन लिपीत आणि कायम लहान अक्षरांत लिहा, नाहीतर एकाच ठिकाणाच्या दोन नोंदी दिसतात. ब्लॉगरच्या आकडेवारीत यंत्रांच्याही फेऱ्या मिसळलेल्या असतात. आकड्यापेक्षा कमेंट आणि ईमेल जास्त खरे.

प्रश्न : उद्या माझं खातंच बंद झालं तर?

ही शंका रास्त आहे. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं, गूगल प्लस 2019 मध्ये. तिथे जमवलेली माणसं ज्यांनी दुसरीकडे जोडून ठेवली नव्हती, त्यांची ती पांगली. सोशल नेटवर्कवर ओळख होते, पण वाचकाचा पत्ता कंपनीकडे असतो. तो तुमच्याकडे असायला हवा.

त्यासाठी प्रत्येक लेखाखाली ईमेलने लेख मिळण्याची चौकट लावा. त्यात फक्त ईमेल मागा, नाव-फोन मागितलं की लोक पाठ फिरवतात. नोंद केलेल्याला पुष्टीचा ईमेल जाईल अशी सेवा निवडा. त्याने चुकीचे आणि खोटे पत्ते गळतात, आणि तुमची पत्रं स्पॅममध्ये जाण्याचं प्रमाण घटतं. कमेंट करणाऱ्यांचे पत्ते त्यांना न विचारता यादीत घालू नका. ब्लॉगरचं जुनं ईमेल-विजेट गूगलच्या ज्या फीडबर्नर सेवेवर चालत होतं, त्याची ईमेल सेवा जुलै 2021 मध्ये बंद झाली. ते अजून ब्लॉगवर लटकत असेल तर काढून टाका, त्यात नोंद करणाऱ्याला एकही लेख मिळणार नाही. आणि यादीची प्रत दर महिन्याला सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवा. सोबत ब्लॉगचा बॅकअपही घ्या. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडे तो सेटिंग किंवा टूल्सच्या मेनूमधून मिळतो.