उत्पादन वाढले, उत्पन्न का नाही? वाणनिवडीबद्दल तीन प्रश्न

प्रश्न : गेल्या हंगामात सगळ्या रानात नवा सुधारित वाण घेतला. माल बराच जास्त निघाला, पण खर्च वजा केल्यावर हातात आधीएवढंच राहिलं. मग नव्या वाणाच्या मागं लागायचं कशाला?

बोलताना आपण ‘उत्पादन’ आणि ‘उत्पन्न’ एकाच अर्थाने वापरतो, आणि घोळ तिथेच होतो. वाण उत्पादन वाढवतो. उत्पन्न मात्र खत, पाणी, मजुरी, कर्जाचे व्याज आणि बाजारातला दर मिळून ठरते.

याचे जुने उदाहरण बघा. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आयआर-८ हा भाताचा वाण प्रसारित केला. जुने उंच वाण नत्राचे खत जास्त झाले की लोळायचे, म्हणजे आडवे पडायचे. हा बुटका आणि ताठ असल्याने दिलेले खत दाण्यात उतरायचे. म्हणजे ज्याच्याकडे खत-पाण्याची सोय, त्यालाच त्याचा खरा फायदा. शिवाय दाणा पांढरट, ठिसूळ. भात निवला की कडक. त्यामुळे दर कमी मिळायचा, आणि तुडतुड्यांनाही तो लवकर बळी पडायचा. दहा वर्षांनी, १९७६ मध्ये आलेला आयआर-३६ लवकर तयार होणारा आणि अनेक कीड-रोगांना तोंड देणारा होता. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मला हा दुसरा वाण जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात फवारणीचा खर्च वाचतो आणि पुढच्या पिकाला रान लवकर मोकळे होते.

तुमचा हिशेब पुन्हा मांडा. विकलेल्या मालाबरोबर घरी खायला ठेवलेलाही धरा. चारा विसरू नका. बुटक्या वाणाचे काड कमी निघते, आणि दावणीला जनावरे असतील तर तेवढा चारा विकत आणावा लागतो. हा खर्च वहीत क्वचितच दिसतो. आसपासच्या सगळ्यांनीच तो वाण घेतला असेल तर आवक वाढून दरही उतरला असेल. घरी खाल्लेल्या धान्याला मात्र दर पडण्याची झळ बसत नाही.

वाण सोडा असे मी म्हणणार नाही. सगळ्या रानात एकदम घेतला, ही मात्र चूक झाली. पुढच्या हंगामात रानाचा दहावा हिस्सा चाचणीला ठेवा. जुना आणि नवा वाण शेजारी शेजारी, एकाच दिवशी पेरा. नव्याच्या अर्ध्या पट्ट्याला शिफारशीइतके खत द्या, उरलेल्या अर्ध्याला तुम्ही नेहमी देता तेवढेच. तिन्हींचे वजन वेगळे करा. अंदाजाने सांगू नका, वजनच करा.

प्रश्न : आमची जमीन सखल आहे. पूर आला की भात आठ-दहा दिवस बुडतं. सगळ्यात जास्त उतारा देणारा वाण कोणता?

तुम्ही चांगल्या वर्षाचा विचार करून विचारताय. तुमच्या रानाचा वाण वाईट वर्ष बघून निवडायला हवा. ओडिशातल्या एफआर-१३ए या जुन्या स्थानिक भाताकडून पाण्याखाली तग धरण्याचा गुण घेऊन तो स्वर्णा या प्रचलित वाणात आणला, त्यातून स्वर्णा-सब-१ तयार झाला आणि २००९ मध्ये भारतात प्रसारित झाला. बुडाल्यावर तो पाण्याबाहेर डोके काढायला धडपडत नाही. वाढ थांबवतो, शक्ती राखून ठेवतो आणि पाणी ओसरले की पुन्हा फुटतो. सुमारे दोन आठवड्यांपर्यंत हे जमते. पूर आला नाही तरी उतारा मूळ स्वर्णाच्या तोडीचाच.

हा वाण घेतलेल्या ओडिशातल्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पीक हातचे जाण्याची धास्ती कमी झाली, तसे त्यांनी खतावर जास्त खर्च केला आणि बी फोकून पेरण्याऐवजी रोपे लावण्याकडे वळले. भीतीपोटी हात आखडता घेणे हाही तोटाच असतो, फक्त तो मोजला जात नाही.

एक सावधगिरी : हा गुण येऊन ओसरणाऱ्या पुरासाठी आहे. महिनाभर पाणी तुंबत असेल किंवा पीक फुलोऱ्यात असताना बुडत असेल, तर त्याच्यावर विसंबू नका.

प्रश्न : शेजाऱ्यानं घरचं बी पेरलं, चांगलं आलं. मी ठेवलेलं बी पेरलं तर काही ताटं उंच, काही बुटकी. माझं काय चुकलं?

तुमचा वाण बहुधा संकरित होता, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून केलेला, आणि त्यांचा सरळ, म्हणजे ज्याचे घरचे बी पेरले तरी पीक तसेच येते. संकरिताचा जोम पहिल्याच पिढीत असतो. घरी ठेवलेल्या बियाण्यात गुण फुटून वेगळे होतात. त्यामुळे संकरित घ्यायचा तर दरवर्षी बियाण्याचा खर्च धरूनच घ्या. हाताशी रोख कमी असेल तर मी सरळ वाणच सुचवेन.

भात, गहू यांसारख्या स्वपरागीभवन होणाऱ्या (स्वतःच्याच परागाने दाणा धरणाऱ्या) पिकांत सरळ वाणाचे बी दोन-तीन वर्षे घरचे चालते. रानाच्या मधला भाग त्यासाठी राखा, वेगळी दिसणारी झाडे उपटून टाका, आणि बी नीट वाळवून ठेवा. पेरणीच्या दोन आठवडे आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. भाताचे ऐंशीपेक्षा कमी रुजले तर ते कांडायला पाठवा आणि पेरायला दुसरे बी आणा.