टाळ्या व्हिलनलाच का पडतात?

या वेळी तीन पत्रं एकत्र घेतलीयत, तिघांचंही दुखणं एकच आहे म्हणून.

प्रश्न : ताई, माझा मुलगा नववीत आहे. अभ्यासात ठीक, स्वभावाने शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण पिक्चर असो की वेबसिरीज, याला कायम व्हिलनच आवडतो. मोबाईलच्या वॉलपेपरवर बॅटमॅनच्या गोष्टीतला जोकर, तोंडात त्याचेच डायलॉग, आणि हिरो आला की म्हणतो, किती बोअर आहे हा. ह्यांना वाटतं मुलगा वाया चाललाय, डॉक्टरला दाखवूया म्हणतात. खरं सांगायचं तर मी त्याला काही बोलू शकत नाही, कारण ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका लागायची तेव्हा मी आणि सासूबाई दोघी त्यातल्या व्हिलनची, अण्णा नाईकांची वाट बघत बसायचो, तो माणूस काय लायकीचा आहे हे पक्कं माहीत असूनही. असं का होतं? काळजी करावी का?
– एक आई, भांडुप

उत्तर : आधी काळजीचं बोलते, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. एवढ्या कारणावरून मुलाला डॉक्टरकडे न्यायची काही गरज नाही. शांत मुलाला कडक व्हिलन आवडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि तुम्हाला अण्णा आवडायचे तेही त्यातलंच.

आता का होतं ते. कुठलीही गोष्ट घ्या आणि ती सुरू कोण करतं ते बघा. हिरो बहुतेक वेळा मजेत असतो, आईच्या हातचं जेवतोय, प्रेमात पडलाय, गाणी म्हणतोय, आणि तिकडे व्हिलनला मात्र काहीतरी हवंय, जमीन हवीय, खुर्ची हवीय, सूड हवाय, त्याच्याकडे प्लॅन आहे आणि तो कामालासुद्धा लागलाय. हिरो नंतर धावत येतो आणि व्हिलनने केलेलं निस्तरत बसतो. ज्याला काहीतरी जीव तोडून हवंय त्याच्या मागे आपलं मन जातं, तो चांगला की वाईट हे आपण नंतर बघतो. चोर तिजोरी उघडतोय आणि बाहेर वॉचमनच्या बुटांचा आवाज आला, तर आपण श्वास कोणासाठी रोखतो? चोरासाठी. आयुष्यात कोणाचा रुपया उचललेला नसतो आपण, पण तासभर कॅमेरा त्याच्याच सोबत फिरतोय म्हटल्यावर त्याची भीती ती आपली भीती होते. हे दिग्दर्शकाने ठरवून केलेलं असतं, यात तुमच्या मुलाच्या संस्कारांचा काही संबंध नाही.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण, आपलं रोजचं गप्प बसणं. मुंबईत तर सकाळपासून ऍडजस्ट करणं सुरू होतं, ट्रेनमध्ये चौथ्या सीटवर अर्धं टेकून बसा, ऑफिसात साहेबांचं ऐका, सोसायटीत कमिटीचं ऐका, घरी येऊन नातेवाईकांचे टोमणे ऐका, आणि नववीतल्या मुलाला तर शाळा, क्लास, घर सगळीकडे ‘तू गप बस, तुला काय कळतंय’ एवढंच. अशा माणसासमोर पडद्यावर कोणीतरी येतो जो परवानगी मागत नाही, ज्याला मनात येतं ते तो तोंडावर बोलतो, मग तो आवडणारच. ‘दीवार’ आठवा, 1975 चा. कायद्याने बघितलं तर हिरो रवी आहे, प्रामाणिक इन्स्पेक्टर, पिक्चरची सुरुवातच त्याच्या सत्काराने होते. पण प्रेक्षक बाहेर पडायचा तो त्याचा भाऊ विजय होऊन, कारण हातावर ‘मेरा बाप चोर है’ गोंदलेला, बूट पॉलिश करतानासुद्धा फेकलेले पैसे न उचलणारा पोरगा त्याने आधी बघितलेला असतो, मग गोदीतला हमाल बघितलेला असतो, मग हफ्ता मागणाऱ्या गुंडांना गोदामात आतून कुलूप लावून लोळवणारा विजय बघितलेला असतो. तो स्मगलर होईपर्यंत आपण कधीच त्याचे झालेलो असतो. रवीचं सगळं बरोबर असतं, पण त्याच्या अंगावर कोणी पैसे फेकलेले नसतात.

यावर थोडं संशोधनही झालंय. 2020 साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या रिबेका क्राउस आणि डेरेक रकर यांनी एका वेबसाईटवरच्या सव्वादोन लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली. ती साईट अशी होती की तुमचा स्वभाव कुठल्या पात्राशी जुळतो ते सांगायची. त्यात दिसलं असं की लोकांना आपल्यासारखे गुण असलेले व्हिलन जास्त आवडतात. प्रत्यक्षात आपल्यासारखाच पण वाईट माणूस भेटला तर आपण त्याच्यापासून लांब पळतो, कारण आपणही तसेच आहोत की काय अशी भीती वाटते. पण गोष्टीतला व्हिलन खोटा असतो, त्यामुळे त्याच्यात आपली काळी बाजू बघायला धोका वाटत नाही. म्हणजे मुलाला एकदा सहज विचारा, तुला याच्यातलं नक्की काय आवडतं रे? ‘त्याला कोणी समजून घेत नाही’ असं काही उत्तर आलं तर ते जोकरबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त असेल, तेव्हा मध्ये न बोलता ऐकून घ्या.

आणि हे आजच्या मोबाईलचं खूळ आहे असं तुमच्या ह्यांना वाटत असेल तर त्यांना दशावतार दाखवा, मुंबईतल्या नाट्यगृहांत प्रयोग लागतात अधूनमधून. त्यात वेद चोरणारा संकासुर येतो, काळा झगा, लाल जीभ, मालवणीत गजाली करतो, प्रेक्षकांची फिरकी घेतो, आणि पोरं सगळ्यात जास्त त्याच्यावर खूश असतात. देवांचं कोणाला फारसं पडलेलं नसतं त्या वेळी.

आता ज्याकडे खरंच लक्ष द्यायला हवं ते सांगते. मुलाला व्हिलन आवडतो हे ठीक आहे, पण व्हिलन आवडल्यामुळे त्याला राग कोणाचा यायला लागलाय ते बघा. ‘ब्रेकिंग बॅड’ नावाची गाजलेली अमेरिकन सिरीज आहे, केमिस्ट्रीच्या मास्तरला कॅन्सर होतो आणि तो ड्रग्ज बनवायला लागतो, पुढे माणसं मारतो. प्रेक्षक त्याच्या बाजूने एवढे झाले की त्याच्या बायकोचा, स्कायलरचा, भयानक द्वेष करायला लागले. ती बाई काय करत होती, तर नवऱ्याला विचारत होती की तू आपलं घर का धोक्यात घालतोयस. शेवटी 2013 मध्ये ते काम करणाऱ्या अॅना गन या अभिनेत्रीला न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहावा लागला, कारण पात्राबरोबर लोक तिचाही द्वेष करायला लागले होते. आपल्याकडे ‘डर’ आला 1993 ला, त्यातही तेच झालं. पोरगा मुलीचा पाठलाग करतो, फोन करून छळतो, तिचं जगणं नकोसं करतो, आणि थिएटरात टाळ्या त्यालाच, हिरो सनी देओल बाजूलाच राहिला. शाहरुखने काम अफाट केलंय यात वाद नाही. पण त्या मुलीची, किरणची भीती किती जणांच्या लक्षात राहिली? त्या काळी बसस्टॉपवर उभ्या राहणाऱ्या मुलींना ‘क…क…किरण’ ऐकवणारी पोरं होती, त्या मुलींना त्यात गंमत वाटत नव्हती.

याच्या उलट ‘तो मी नव्हेच’ घ्या. अत्र्यांचं नाटक, 1962 चं, खऱ्या माधव काझी खटल्यावरून सुचलेलं. प्रभाकर पणशीकरांचा, बायकांना फसवणारा लखोबा लोखंडे बघायला लोकांनी वर्षानुवर्षं तिकिटं काढली, फिरत्या रंगमंचावर एकच माणूस वेगवेगळ्या वेषांत येतो आणि कोर्टात स्वतःच उलटतपासणी घेतो, त्याच्या हुशारीवर लोक फिदा होते. पण तिथे फसवल्या गेलेल्या बायका एकामागून एक पिंजऱ्यात येऊन बोलतात. लखोबावर हसता हसता त्या बाईकडे बघून प्रेक्षक गप्प होतो. व्हिलन आवडूनही त्याच्या बळींचा विसर पडत नाही, लिहिणाऱ्याने तो पडू दिलेला नाही, आणि माझ्या मते चांगलं लिखाण ते हेच. तुम्ही अण्णांची वाट बघत होतात, पण त्यांच्या बायकोसाठी, माईंसाठी तुमचा आणि सासूबाईंचा जीव तुटत होता ना? मग झालं.

तेव्हा मुलासोबत बसून बघा, लेक्चर देऊ नका, एखाद्या वेळी एवढंच विचारा की याने आत्ता ज्याला मारलं त्याच्या घरी कोण असेल रे. मुलगा खऱ्या माणसाच्या त्रासावर हसायला लागला, वर्गातल्या कोणाला छळायला लागला, मुक्या जनावराला मारायला लागला किंवा एकदम कोणाशी बोलेनासाच झाला, तर मात्र शाळेच्या काउन्सेलरला भेटा आणि उशीर करू नका. वॉलपेपर राहू दे.

प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजची एकांकिका आहे, चाळीच्या रिडेव्हलपमेंटवर. बिल्डरचा माणूस व्हिलन आणि चाळीतला एक मुलगा हिरो, जो सगळ्यांना एकत्र ठेवतो. रनथ्रूला सगळ्या टाळ्या व्हिलनला, आणि हिरो बोलायला लागला की मागे बसलेले मोबाईल काढतात. दिग्दर्शक म्हणतोय व्हिलनचे पंचेस कापू. लिहिलंय मीच आणि हिरोपण मीच करतोय. काय करू?
– एक विद्यार्थी, लालबाग

उत्तर : अरे, पंचेस अजिबात कापू नका! व्हिलन लंगडा केला की हिरो आपोआप धावायला लागत नाही, मग दोघंही बसतील आणि एकांकिका झोपेल.

तू पत्रात लिहिलंयस की हिरो सगळ्यांना एकत्र ठेवतो. पण त्याला स्वतःला काय हवंय ते कुठेच नाही. दुसऱ्यांसाठी चांगलं वागणारा माणूस स्टेजवर सगळ्यात कठीण, कारण त्याच्यात ओढाताण नसते. त्याला काहीतरी हवं असू दे, आणि ते व्हिलनच्याच खिशात असू दे. समज त्याला लग्न करायचंय, दहा बाय बाराच्या खोलीत आईवडील, आजी, धाकटा भाऊ, आणि सही केली तर त्याचा प्रश्न उद्या सुटतोय. आता तो सही करू नका म्हणेल तेव्हा प्रेक्षक ऐकेल, कारण त्याला त्याची किंमत माहीत असेल.

दुसरं, बिल्डरच्या माणसाचं काही बाबतीत खरं असू दे. सार्वजनिक संडासाची लाईन, पावसाळ्यात गळणारं छत, तिसऱ्या मजल्यावरून गुडघे धरत उतरणारी म्हातारी, हे तो बोलेल तेव्हा लालबागमधल्या प्रेक्षकाला ते पटणारच, त्यांनी भोगलंय ते. गिरणगावात तर याला अजून एक पदर आहे. 1982 च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले, संप कधी रीतसर मिटलाच नाही, हजारो घरं उघड्यावर आली, आणि नियमाने चालणाऱ्या माणसाचं काय होतं हे या भागाने डोळ्यांनी बघितलंय. काही घरांतली पोरं गँगमध्ये गेली ती त्यानंतरच. त्यामुळे ‘मी काम करून दाखवतो’ म्हणणाऱ्याला इथे पहिली टाळी पडते, ती का पडते ते तुझ्या हिरोला कळायला हवं. त्याने व्हिलनला शिव्या घालण्यापेक्षा त्याचं खरं असलेलं मान्य करून मग उत्तर शोधलं, तर तुझा सीन उभा राहील.

‘अश्रूंची झाली फुले’ मिळालं तर वाच. कानेटकरांचं नाटक, 1966 चं. आदर्शवादी प्राध्यापक विद्यानंद पणशीकर करायचे आणि उनाड लाल्या डॉ. काशिनाथ घाणेकर, आणि लोक लाल्यासाठी वेडे झाले. पण नाटक लाल्याच्या टाळ्यांवर थांबत नाही, त्यात तो सुधारतो आणि सरळ माणूस वाकड्या वाटेला जातो. दोघंही जिथून निघाले तिथे राहत नाहीत, म्हणून दोघंही पेलतात. तुझा हिरो पहिल्या मिनिटाला जसा आहे तसाच शेवटच्या मिनिटाला आहे, ते बदल.

आणि त्या म्हातारीला एक स्वतंत्र सीन दे. चाळ पाडल्यावर तिचं काय होणार हे ती स्वतः बोलू दे, हिरोने तिच्या वतीने बोलायचं नाही.

प्रश्न : आमच्या वेळी लोक व्हिलनचा राग राग करायचे. निळू फुल्यांना बायका शिव्या द्यायच्या म्हणतात. आता नातवंडं व्हिलनचे टीशर्ट घालतात. पिढीच बिघडली का हो?
– एक आजोबा, गिरगाव

उत्तर : नाही आजोबा, तुमच्या पिढीनेही हेच केलंय. ‘शोले’ मुंबईत मिनर्व्हा थिएटरला पाच वर्षं चालला, त्याच्या डायलॉगच्या रेकॉर्डी विकल्या गेल्या, आणि लहान मुलांची बिस्किटं विकायला कंपनीने जाहिरातीत कोणाला घेतलं, तर गब्बरला. त्याच्याही आधी, 1943 च्या ‘किस्मत’मध्ये अशोक कुमार पाकीटमार होता आणि तो पिक्चर कलकत्त्यात एकाच थिएटरला तीन वर्षांहून जास्त चालला.

निळूभाऊंचं मात्र खरं आहे, गावोगावच्या बायका त्यांना खरोखरचा वाईट माणूस समजायच्या आणि प्रत्यक्षात ते सेवादलात वाढलेले, चळवळीत रमलेले साधे गृहस्थ होते. बायकांचा राग हीच त्यांच्या कामाची पावती होती. नातवंडं सुट्टीला आली की त्यांना ‘सामना’ लावून द्या, तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा, 1975 ला बर्लिनच्या फेस्टिव्हलला गेलेला. निळूभाऊंचा साखरसम्राट हिंदुराव आवडेलच त्यांना, एवढा रुबाब आहे त्या माणसात. पण समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर आहे, पैसा नाही, ताकद नाही, नीट उभंही राहता येत नाही, आणि तो एकच प्रश्न घेऊन बसलाय, मारुती कांबळेचं काय झालं. पिक्चर संपल्यावर मुलांना कोण आवडलं ते विचारा आणि मला जरूर कळवा.