वाचकांचे प्रश्न : निरोप थेट जातो, पण पोचतो कधी?

प्रश्न : मी वाळपईजवळ राहते, मुलगा जहाजावर असतो. मधला सर्व्हर मेसेज साठवत नाही म्हणून 'जामी' अ‍ॅप घे, असं तो म्हणतो. घेऊ का?

उत्तर : ताई, घ्या, पण त्याच्यावरच विसंबू नका. साखळीच्या माझ्या बहिणीशी मी वर्षभर जामीवरच बोलतोय. फोन नंबर द्यावा लागत नाही, आमचं बोलणं कुठल्या कंपनीकडे साठत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. मात्र दोन्ही फोन एकाच वेळी नेटवर लागतात. गेल्या चवथीला, गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या माटोळीबद्दल, सकाळीच विचारलं, "माटोळीला कांगलां मिळाली?" पावसात तिची रेंज गेलेली. निरोप माझ्याच फोनात बसून राहिला; रात्री पोचला तेव्हा माटोळी बांधून झाली होती. भर समुद्रात तर हे रोजचंच.

खातंही फोनातच असतं. फोन बिघडला आणि बॅकअप नसेल, तर गेलं ते गेलं. बॅकअपची फाइल आजच पेनड्राइव्हवर घ्या. अनोळखी माणसाला जोडू नका, त्याला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक, कळू शकतो. कुणी 'ब्रायर' हे असंच दुसरं अ‍ॅप सुचवलं तर थांबा : केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये अडवलेल्या १४ अ‍ॅपांत ते होतं.