‘तिथं आपलं कोण आहे?’

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मुलांना मी मार्गदर्शन करते. दिवाळीची सुट्टी संपली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलगी बी.ए. झालेली असते, मुलगा बी.एस्सी. झालेला असतो आणि डोक्यात परदेशातल्या ‘ग्लोबल स्टडीज’च्या मास्टर्सनं घर केलेलं असतं. आईवडील विचारतात, हा विषय नक्की कशाचा? इतिहासाचा, अर्थशास्त्राचा, की राज्यशास्त्राचा? आणि एवढं करून पोटापाण्याचं काय?

याचं उत्तर मी एका घराच्या अनुभवातून देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मुलूख मात्र बदललेला नाही, कारण तो बदलला तर सांगण्यासारखं काही उरणारच नाही.

मुलगी खानापूर तालुक्यातली, विट्याच्या बाजूची. वडील गलाईवाले. सांगली जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना हा शब्द कदाचित नवा असेल. जुने दागिने आटवून त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं करून देणं म्हणजे गलाई. खानापूर-आटपाडी हा कायमचा दुष्काळी पट्टा. इथली माणसं या एका हुन्नरावर देशभर पांगली, पार केरळपासून काश्मीरपर्यंत. एखाद्या शहरात सराफकट्टा असेल तर तिथल्या बोळात आपल्याकडचं एखादं गलाईचं दुकान असतंच. या मुलीचे वडील सव्वीस वर्षं त्रिशूरला आहेत. गावच्या यात्रेला आले होते, तेव्हा मुलगी, तिची आई आणि चुलते असे सगळे मिळून सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसात आले.

बोलले ते चुलतेच. एमपीएससी करावी, नाहीतर बी.एड. करावं, गावाकडची पोरगी युरोपात जाऊन काय करणार. वडील खिडकीबाहेर बघत होते. अखेर माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, डॉक्टर झाली तर डॉक्टर म्हणत्यात, सीए झाली तर सीए म्हणत्यात. ह्ये शिकून आली की लोक तिला काय म्हणणार?”

मी तेव्हा चुकीचं उत्तर दिलं. संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक, मोठमोठ्या स्वयंसेवी संस्था अशी नावं घेतली. ती खोटी नव्हती, असे पदवीधर तिथंही असतात. पण त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तिथं आपलं कोण आहे?”

माझ्या मनात आलं, वशिल्याचं विचारतायत. तो अर्थ नव्हता, हे मला पुढे कळलं.

आधी विषयाचं सांगते. ग्लोबल स्टडीज म्हणजे सगळ्यातलं थोडं थोडं, असा समज मुलांचाही असतो. एखादा प्रश्न एका विद्याशाखेच्या हाताला लागत नाही, म्हणून तीन-चार शाखांची हत्यारं घेऊन त्याला भिडायचं, ही या विषयाची खरी रीत. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाचा असा अभ्यासक्रम २००२ पासून आहे. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र, भूगोल असं त्याचं अंग, आणि विद्यार्थी फ्रायबुर्गबरोबरच केपटाऊन, ब्युनोस आयर्स, बँकॉक किंवा आपल्या दिल्लीच्या जेएनयूमध्येही शिकतात. लाइपझिग विद्यापीठाच्या पुढाकारानं युरोपातल्या काही विद्यापीठांनी मिळून २००५ च्या सुमाराला दुसरा एक सुरू केला. त्यात जागतिक इतिहासावर जोर आहे. दोन वर्षांत दोन वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं, एकूण १२० क्रेडिट. नाव दोन्हीकडे तेच, पण शिकून बाहेर पडणारा माणूस वेगळा. म्हणून मी नावावर जाऊ देत नाही. विषयांची यादी छापून आणायला सांगते आणि पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचून घेते.

या मुलीनं यादी आणली, सोबत अर्जासाठीचं मोटिव्हेशन लेटर, म्हणजे हाच विषय का शिकायचाय हे सांगणारं पत्रही आणलं. इंग्रजी उत्तम होतं. जागतिकीकरण, असमानता, हवामानबदल, स्थलांतर, सगळं त्यात होतं. मी दोनदा वाचलं आणि तिला विचारलं, “हे पत्र लखनौच्या किंवा नैरोबीच्या मुलीनं सही करून पाठवलं तर चालेल का?” ती गप्प झाली. डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण हे तिला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. निवड करणाऱ्यांपुढे अशा पत्रांचा ढीग येतो. गुण चांगले असूनही मुलं इथंच मागे पडतात.

तिला मी एक काम दिलं. आपल्या आळीतलं प्रत्येक घर वहीत लिही. घरातलं कोण कुठं गेलंय, कोणत्या साली गेलं, पहिल्यांदा कुणाचं बोट धरून गेलं. बस, एवढंच.

दहा दिवसांनी ती एक दोनशे पानी वही घेऊन आली, यावेळी फक्त वडिलांबरोबर. बावीस घरं होती. कोइमतूर, विजयवाडा, कानपूर, गुवाहाटी. शाळेत भूगोलाच्या पेपरात नकाशा भरतात तशी गावं. चौथ्या रकान्यात, बोट कुणाचं धरलं तिथं, मामा, मेव्हणा, शेजारी, आणि एका ठिकाणी ‘माहीत नाही, रेल्वेत भेटलेला माणूस’. बऱ्याच घरांतला पहिला माणूस १९७२ च्या दुष्काळात किंवा त्याच्या आगेमागे बाहेर पडलेला. त्रिशूरच्या ओळीत तिनं वडिलांचं नाव लिहिलं होतं आणि पुढे ‘वय १५’. हे वय तिला त्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

मी वडिलांना सहज विचारलं, सोनं शुद्ध करतात म्हणजे नक्की काय करतात? सव्वीस वर्षांत त्यांना असं कुणी समोर बसून विचारलं नसावं. त्यांची बोटं बघितली मी. तेजाबानं नखांच्या कडा पिवळ्या पडलेल्या. म्हणाले, “आधी सोन्यात चांदी घालायची. तिपटीनं.” मुलगीच म्हणाली, “शुद्ध करायचंय तर आणखी मिसळायचं कशाला?” तेव्हा त्यांनी टेबलावर बोटानं आखून दाखवलं. सोनं जास्त असेल तर तेजाब आत शिरत नाही, आतली भेसळ तशीच राहते. चांदी घालून एकत्र आटवायचं, बारीक करायचं, मग तेजाबात उकळायचं. चांदी, तांबं सगळं विरघळून जातं. तळाला तपकिरी भुकटी उरते. “बघणाऱ्याला माती वाटंल. ती धुवायची, परत मुशीत घालायची. मग पिवळं दिसतं.” मुलगी बावीस वर्षांची. बापाचं काम तिनं पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या ऑफिसात.

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. युरोपीय संघात १ जानेवारी २०२१ पासून एक नियम लागू आहे. कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त आयात करणाऱ्यानं तपासायचं की हा माल युद्धाच्या भागातून, बंदुकवाल्या टोळ्यांच्या हातात पैसा घालत तर आलेला नाही ना. हे तपासायला बसलेल्या माणसाला काय काय लागेल? कायदा कळायला हवा, काँगोसारख्या देशाचा इतिहास माहीत हवा, व्यापाराची कागदपत्रं वाचता यायला हवीत. आणि सोनं एकदा भट्टीत गेलं की कुठल्या खाणीतलं होतं हे ओळखणं का अवघड होतं, हेही कळायला हवं. वडील लगेच म्हणाले, “आटवल्यावर कसलं वळखतंय? आमच्याकडं दहा घरचं सोनं एका मुशीत जातं.” जे पुस्तकातून शिकायला मुलांना एक सत्र लागतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मुलीनं वही उघडली आणि ते लिहून घेतलं.

त्या दिवशी तिला तिचा प्रश्न सापडला. ओळखीच्या माणसाचं बोट धरून होणारं स्थलांतर, आणि त्या माणसांच्या हातून जाणारं सोनं. अर्जातलं पत्र तिनं नव्यानं लिहिलं. सुरुवात चौथ्या रकान्यापासून केली.

तरीही मी तिला म्हटलं, या वर्षी जाऊ नकोस.

याबाबत माझं मत ठाम आहे आणि काही पालकांना, काही मुलांनाही ते आवडत नाही. या पदवीतून आपोआप व्यवसाय मिळत नाही. प्रश्न कितीही चांगला असला तरी हातात एक हुन्नर लागतो. संख्याशास्त्र असेल, नकाशावर माहिती मांडण्याचं तंत्र असेल, माणसांच्या मुलाखती शिस्तीत घेऊन त्यांचं विश्लेषण करणं असेल, नाहीतर एखादी भाषा असेल. ज्यांच्याकडे यातलं एकही पक्कं नसतं, ती मुलं दोन वर्षांनी छान बोलायला शिकून परत येतात आणि पुन्हा माझ्यासमोर त्याच खुर्चीत बसतात. अशी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून इतकं कळकळीनं लिहितेय. लोकसंख्या आणि स्थलांतराचा आकडेवारीनिशी अभ्यास करायचा तर मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. परदेशाआधी अशा जागांचाही विचार करावा, त्यात काही कमी नाही.

तिनं वर्ष घेतलं. एका सर्वेक्षणाच्या कामात गावोगाव फॉर्म भरत फिरली आणि रात्री ऑनलाइन जर्मन शिकली. जर्मनच्या बाबतीत वडिलांनीच आग्रह धरला. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, भाषा लागणार नाही, असं मुलगी म्हणत होती. ते म्हणाले, “दुकानातलं काम मला महिन्यात आलं. मल्याळम यायला दोन वर्षं लागली, आणि तवापासनंच लोक मला वळखाया लागले.” यावर मी काय वेगळं सांगणार? जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो खरा, पण भाषा नसेल तर ते महिने बघता बघता सरतात.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण यात गैरसमज फार आहेत. युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाली तर शिकवणी शुल्क लागत नाही आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात, जास्तीत जास्त २४ महिने. तिचे अर्ज बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातच संपतात, म्हणून पदवीचा निकाल लागल्यावर माझ्याकडे येणाऱ्यांना त्या वर्षाची गाडी चुकलेली असते. स्वखर्चानं जर्मनीला जायचं तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ही फी नव्हे. पैसे आपलेच असतात, तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे काढता येतात. फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्कही आहे. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासून खरी असल्याचा दाखला, लागतं, त्याला वेळ जातो. अनुसूचित जातीतल्या मुलांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर बघावी. आणि एक हात जोडून सांगणं: या विषयासाठी रान गहाण टाकू नका. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर पुन्हा अर्ज करा.

आता ‘तिथं आपलं कोण आहे?’ या प्रश्नाकडे येते.

तिसऱ्या भेटीत ते मला उलगडलं. पंधराव्या वर्षी मुलीचे वडील त्रिशूरला उतरले तेव्हा स्टेशनवर गावातला माणूस उभा होता. त्याच्याच दुकानात झोपले, त्याच्याच ताटात जेवले. ताप आला तेव्हा त्यानंच दवाखान्यात नेलं. त्यांच्या हिशेबी, परमुलखात जाणं म्हणजे कुणाच्या तरी हवाली होणं. मुलीला स्टेशनवर घ्यायला कोण येणार, हेच ते पहिल्या दिवसापासून विचारत होते. आम्ही मात्र नोकऱ्यांची नावं मोजत बसलो होतो.

तेव्हापासून मी पहिल्याच बैठकीत हे बोलायला काढते. जर्मनीत विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणारी संस्था असते, तिचं नाव ‘स्टुडिरेंडेनवेर्क’ (जुनं नाव ‘स्टुडेंटेनवेर्क’). खोलीसाठी प्रवेश मिळाल्या मिळाल्या अर्ज करायचा. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय असतं, तिथल्या माणसाशी निघण्याआधीच ईमेलवर ओळख करून घ्यायची. आजारी पडलं तर विमा कोणता, डॉक्टरकडे जायचं कसं, हे इथंच कागदावर लिहून काढायचं आणि त्याची एक प्रत आईकडे ठेवायची. शिवाय माझ्याकडून गेलेली इस्लामपूरची (आताच्या ईश्वरपूरची) एक मुलगी, ही जिथं अर्ज करतेय त्या जर्मन शहराजवळ आहे. तिच्याशी वडिलांचं व्हिडिओ कॉलवर बोलणं करून दिलं. ते तिला म्हणाले, “स्टेशनावर जाशील न्हवं?” ती म्हणाली, “जाईन काका.” त्यानंतर त्यांनी खर्चाचं विचारायला सुरुवात केली.

पहिल्या वर्षी ती शिष्यवृत्तीच्या प्रतीक्षायादीत अडकली, नंबर वर सरकला नाही. घरी थोडी आदळआपट झाली, चुलत्यांनी एमपीएससीच्या क्लासची फी विचारून ठेवली. तिनं सर्वेक्षणाचं काम सोडलं नाही. यंदा पुन्हा अर्ज गेलाय, निकाल यायचाय.

परवा त्रिशूरहून वडिलांचा व्हॉइस मेसेज आला. मागे दुकानातला भट्टीचा पंखा घोंगावत होता. “मॅडम, पोरीला सांगा, वहीत एक घर राहिलंय. वाड्याच्या मागचं. त्यांचा थोरला दिमापूरला हाय, मी आज फोन करून साल इचारलं. मुकादमाबरोबर गेलाय म्हणं, नातं न्हवतं. तसं लिव्हाया सांगा.”