ओठावरचे फोड आणि पुढे ढकललेलं रूट कॅनाल

रूट कॅनालच्या पहिल्या सीटिंगनंतर तिसऱ्या दिवशी ओठाच्या कोपऱ्यात फोड आले, म्हणजे क्लिनिकमधूनच लागण झाली. आणि आता दुसरी सीटिंग पुढे ढकलतायत, म्हणजे चूक लपवतायत, असं तुम्ही लिहिलंय. पस्तीस वर्षं दातांचंच काम केलंय, म्हणून लिहिते.

तुमचा पहिला संशय बहुधा चुकीचा आहे. हा हर्पीस सिम्प्लेक्स टाइप १ नावाचा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या साधारण ६४ टक्के लोकांच्या अंगात तो असतो, बहुतेकांना लहानपणीच मिळालेला. चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी तो दडून बसतो. ताप, ऊन, जागरण यांनी उठतो, तसा तासभर ओठ ताणून धरल्यानेही उठतो. आधी कधी तापानंतर ओठ असा फुटला होता का, आठवून बघा. (माझी आजी याला 'कोळी मुतला' म्हणायची. आणि ही नागीण नव्हे. तिचा विषाणू वेगळा.) अवजारांचं म्हणाल तर नीट चालवलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्रात) हा टिकत नाही. तरी अवजारांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, संकोच कसला!

पुढे ढकललं ते मात्र योग्यच. फोडातलं पाणी विषाणूने भरलेलं असतं आणि एअररोटरचा (दात कोरायच्या यंत्राचा) फवारा सगळीकडे उडतो. डोळ्यात गेला तर बुबुळावर जखम होऊ शकते. ऐंशीच्या दशकात मी शिकत होते, तेव्हा आमच्याकडे हातमोजे फक्त सर्जरीपुरते. एका पेशंटनंतर आठवड्याभरात डाव्या हाताची तर्जनी सुजून ठणकायला लागली. पू समजून तिला चीर दिली. पू नव्हताच, उलट जखम चिघळली. तीन आठवडे बोट कामातून गेलं. नंतर कळलं, तो हर्पीसच होता, आणि त्याला चीर द्यायचीच नसते. शिवाय तुमचा ओठ ताणला की खपली फुटणार, तो त्रास वेगळाच.

खपली पडून खालची कातडी कोरडी होईपर्यंत, साधारण दहा दिवस, थांबा. तात्पुरतं सिमेंट निघालं, गालाला सूज आली किंवा ताप आला तर मात्र थांबू नका, लगेच फोन करा. काळजी घेऊन तेवढं काम करता येतं. असायक्लोव्हिर या विषाणूवरच्या औषधाचा उपयोग ओठ चुरचुरायला लागल्याबरोबर सुरू केलं तरच, आता फार नाही. दर वेळी दातांच्या कामानंतर असंच होत असेल तर पुढच्या वेळी आधीच सांगा, गोळ्या आदल्या दिवसापासून देता येतात. घरात तान्हं बाळ असेल तर तोवर त्याचा मुका घेऊ नका.