एमआरआय नॉर्मल आला, मग आजार मेंदूचा कसा?

स्किझोफ्रेनियाचं निदान झालं की बऱ्याच घरांत पुढची धावपळ एमआरआयची असते. कुणीतरी नातेवाईक सुचवतो, आईवडील पैसे जमवतात, आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की घरातला गोंधळ आणखीच वाढतो. सांगली जिल्ह्यातल्या एका कुटुंबाचं असंच झालं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते.

मुलगा वीस वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला. आधी लेक्चर बुडू लागली, मग मेसला जाणं थांबलं, मग रूमवरची मुलं आपल्याबद्दल कुजबुजतात असं तो म्हणू लागला. घरी आणल्यावर कळलं की त्याला आवाज ऐकू येतात. दोन माणसं, आणि तो काय करतोय त्यावर त्यांचं सतत बोलणं. मानसोपचारतज्ज्ञांनी औषधं सुरू केली आणि आईवडिलांना समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं.

वडील एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक. त्यांनी एमआरआयचं पाकीट पुढे केलं. “मॅडम, डोक्यात काहीच निघालं नाही. म्हणजे हा नाटक करतोय, नाहीतर बाहेरचं काहीतरी आहे.” आई वेगळंच म्हणाल्या. “धाकटा म्हणून लाडावला. माझंच चुकलं का हो?”

नाटक, बाहेरचं, आईची चूक. यातलं एकही कारण खरं नाही, आणि तिन्हींमुळे आजारी मुलाचे हाल वाढतात.

एमआरआय काढतात तो गाठ, रक्तस्राव, संसर्ग असं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. 1976 साली लंडनमध्ये ईव्ह जॉन्स्टोन आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्यांचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या सरासरीने मोठ्या आढळल्या. पण हा फरक गटागटांमधला. एकेकट्याचा स्कॅन पाहिला तर आजारी आणि निरोगी माणसांची मापं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की त्यावरून स्किझोफ्रेनियाचं निदान करता येत नाही.

“दादा,” मी वडिलांना विचारलं, “नकाशात रस्ते दिसतात. विट्याची गाडी वेळेवर सुटली का, ते दिसतं का?”

“ते कसं दिसेल? त्याला कंट्रोलला बसावं लागतं.”

त्यांच्या मुलाच्या मेंदूतले रस्ते नेहमीच्या तपासणीत ठीक दिसत होते. अडचण एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला वेळेवर आणि नीट पोचण्यात होती. संशोधक आज या आजाराकडे असंच पाहतात: मेंदूचे भाग आपापल्या जागी आहेत, त्यांचा आपसातला ताळमेळ बिघडला आहे.

आवाजांचं घ्या. आपण सगळेच मनातल्या मनात बोलतो. तेव्हा बोलण्याशी संबंधित भाग ऐकण्याशी संबंधित भागाला आधीच सूचना देतो की हे आपलंच आहे, आणि ऐकणारा भाग त्याकडे फारसं लक्ष देत नाही. स्किझोफ्रेनियात ही सूचना क्षीण झाल्याचं मेंदूच्या विद्युत नोंदींच्या अभ्यासांत दिसलं आहे. मग स्वतःचाच विचार परक्याच्या तोंडून आल्यासारखा वाटू शकतो. सगळ्या प्रकारच्या आवाजांचा उलगडा एवढ्यावर होत नाही, पण आईवडिलांना एक गोष्ट मात्र कळते: तो ऐकतो ते त्याला खरंच ऐकू येतं.

संशयाचंही तसंच. कशाकडे लक्ष द्यायचं हे ठरवण्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. ते नको तिथे जास्त सुटलं की साध्यासुध्या गोष्टीही अर्थपूर्ण वाटू लागतात. रस्त्यावरचा हॉर्न आपल्यासाठीच वाजला, शेजारी खोकला तो इशारा होता, असं वाटतं. मन त्याची संगती लावायला कहाणी रचतं. गोळ्या मुख्यतः इथे काम करतात, म्हणून आवाज आणि संशय त्यांनी बऱ्याच जणांत कमी होतात.

आई म्हणाल्या, “पण दहावीपर्यंत किती हुशार होता! मग एकदम कसं?”

एकदम होत नाही, दिसतं एकदम. लहानपणी मेंदूत पेशींच्या जोडण्या गरजेपेक्षा जास्त असतात. किशोरवयात त्यांतल्या कमी वापराच्या काढून टाकल्या जातात आणि उरलेल्या मार्गांवरचं वेष्टन पक्कं होतं. नियोजन आणि निर्णय सांभाळणारा पुढचा भाग सर्वांत उशिरा, पंचविशीच्या आसपास तयार होतो. आजार साधारण याच वयात वर येतो. ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असं अमेरिकेतल्या आयर्विन फाइनबर्ग यांनी 1982 साली मांडलं. 2016 साली सी-फोर या जनुकाच्या काही प्रकारांचा आजाराच्या जोखमीशी संबंध सापडला. उंदरांवरच्या प्रयोगांत हेच जनुक जोडण्यांच्या छाटणीत भाग घेतं असं दिसलं, आणि फाइनबर्ग यांच्या कल्पनेला मोठा आधार मिळाला. अर्थात एका जनुकाने आजार होत नाही. 2022 सालच्या मोठ्या अभ्यासात माणसाच्या जनुकसंचात जोखमीशी जोडलेल्या 287 जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा वाटा लहानसा.

पाया मात्र कधीकधी जन्माआधीच कच्चा राहतो. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. ती ऐन भरात असताना ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे हा आजार सुमारे दुप्पट आढळला. हे ऐकताच आईंचा चेहरा उतरला. “मग पोटात असताना माझंच काही...” मी त्यांना तिथेच थांबवलं. शंभरात एखाद्याला होणारा आजार दुप्पट झाला तरी त्या भुकेल्या आयांची बहुतेक मुलं निरोगीच वाढली. आणि लाड केल्याने स्किझोफ्रेनिया होत नाही. एके काळी काही नामवंत तज्ज्ञ आईलाच दोष देत. त्या मताला कधीच पुरावा मिळाला नाही, पण अनेक आयांनी तो डाग जन्मभर वागवला. मला आजही त्याचा राग येतो.

रूमवर मुलगा मित्रांबरोबर गांजा ओढत होता, हेही पुढे समजलं. कोवळ्या वयात नियमित गांजा घेतल्याने धोका वाढतो. तो बंद होणं गरजेचं होतं, पण सगळं खापर मित्रांवर फोडण्यात अर्थ नव्हता.

सर्वांत जास्त वेळ आम्ही घालवला तो वडिलांच्या तक्रारीवर. “आवाज कमी झालेत म्हणतो, मग उठत का नाही? अंघोळीला तीनदा सांगावं लागतं. आळशी झालाय.”

या आजारात आवाज ओसरल्यावरही इच्छा, उत्साह, कामाला हात घालण्याची क्षमता मागे रेंगाळते. मेंदूचा पुढचा भाग आणि प्रेरणेशी संबंधित आतले भाग यांचा मेळ इथे बिघडलेला असतो, आणि गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. चार सूचना एकदम दिल्या तर पहिली डोक्यात टिकत नाही. “ऊठ, दात घास, अंघोळ कर, आवर, किती वाजले बघ” हे त्याला एक वाक्य म्हणून पोचतच नाही. बाहेरून मात्र ते हुबेहूब आळसासारखं दिसतं.

वडिलांनी हे मनावर घेतलं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. “टॉवेल घे.” मग थांबायचं. आवाज येत असतील तेव्हा वाद घालायचा नाही आणि हो ला हो पण करायचं नाही. “मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय” एवढंच म्हणायचं. सतत टीका होणाऱ्या घरात आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण जास्त असतं, हे लंडनमध्ये 1970 च्या दशकात आणि नंतर इतर देशांतही दिसलं. घरच्या बोलण्याने आजार होत नाही, पण पुढची वाट सोपी किंवा अवघड होते.

काकांना त्याला देवऋषाकडे न्यायचं होतं. देवाला जाण्याला माझी हरकत नव्हती. गोळी चुकवायची नाही आणि मारहाण, उपास, धुरी यांतलं काही होऊ द्यायचं नाही, हे मात्र मी वडिलांकडून कबूल करून घेतलं. उपचाराला जितका उशीर, तितकी सुधारणा अवघड.

मुलगा इंजिनिअरिंगला परत गेला नाही. आता घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात अर्धा दिवस बसतो. आवाज अधूनमधून येतात. वडिलांनी विचारलं, पूर्ण बरा होईल का? मी म्हटलं, काहींना एकदाच होऊन जातं, बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं औषध घ्यावं लागतं, आणि तुमचा मुलगा कोणत्या गटात हे आज कुणीच सांगू शकणार नाही. ते गप्प झाले, पण पुढच्या वेळी आले.

शेवटी मोठी बहीण एकटी भेटली. तिच्या लग्नाचं चाललं होतं. “मला होईल का?” सख्ख्या भावंडाला आयुष्यभराची जोखीम शंभरात साधारण नऊ-दहा. म्हणजे नव्वद जणांना होत नाही. झोप उडणं, माणसं टाळणं, विनाकारण संशय, असं काही आठवडे राहिलं तर लगेच दाखवायचं, हे तिला सांगितलं. गावाजवळ डॉक्टर नसतील तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि मराठीतही बोलता येतं. तिने तो लगेच मोबाइलमध्ये घेतला आणि भावाच्या मोबाइलमध्येही टाकते म्हणाली.